अर्धा स

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये वाद नको. मी चिलर प्लांटवरचा, म्हणजे मोठमोठ्या एसीच्या मशिनींवरचा, माणूस आहे. मशीनमधून आवाज आला की तो कुठून आला हे शोधणं हेच माझं काम. बेअरिंग गेलेलं असतं, बेल्ट सैल असतो, पाइपात हवा अडकलेली असते... पण कारण असतंच. अमरावतीला हॉस्टेलवर होतो तेव्हा मागच्या विहिरीवर बाई दिसते म्हणून पोरं संडासला जोडीनं जायची. मी एकटा जायचो आणि येताना विहिरीत खडा टाकून यायचो. बायको अमावास्येला नारळ ओवाळून टाकते तेव्हा मी विचारतो, याची चटणी कधी? तीन वेळा शिव्या खाल्ल्यात त्यावरून.

तर असा मी. आणि तरी हे लिहायला बसलोय, कारण एक आवाज मी माझ्या कानांनी ऐकला आणि तो कुठून आला ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही. एवढीच गोष्ट आहे, एकाच भागाची. भीती वाटेल की नाही ते माहीत नाही. मला तर अजून रागच येतो.

जागा — कतार. दोहातून सलवा रोडनं बाहेर पडलं की आत वळून एक मोकळं मैदान आहे, कडेनं जाळी, पलीकडे नुसती रेती. तिथे आम्ही हिवाळ्यात दर शुक्रवारी बेसबॉल खेळायचो.

हो, बेसबॉल. हसून घ्या. इथे फिलिपिनो, जपानी, अमेरिकन, व्हेनेझुएलाचे दोघं-तिघं असे मिळून चार टीमची एक किरकोळ लीग चालते. त्यात आम्ही दोघं मराठी... म्हणजे वऱ्हाडी. आमच्याकडे हा खेळ अमेरिकेच्या वेडापायी नाही खेळत कुणी. क्रिकेटमध्ये गर्दी, तिथे आपला नंबर लागत नाही. सॉफ्टबॉल-बेसबॉलमध्ये नॅशनलचं सर्टिफिकेट मिळायची आशा असते आणि सर्टिफिकेट म्हणजे स्पोर्ट्स कोटा. आमच्या कॉलेजची निम्मी पोरं त्या आशेवर धूळ खात होती.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. मधल्या मातीच्या उंचवट्यावरून, म्हणजे माउंडवरून, बॉल फेकतो तो पिचर. बॅट्समनच्या मागे उकिडवा बसून तो झेलतो तो कॅचर. मी कॅचर. आयुष्यभर उकिडवा बसलोय, त्यानं गुडघे गेले आणि स्वभावही गेला असं बायको म्हणते.

पिचर होता नंदू. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, चांदूर बाजारकडचा. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. लहानपणी मामाच्या संत्र्याच्या बागेत माकडं हाकायला दगड मारायचा, तिथून त्याचा हात तयार झाला. कॉलेजात आला तेव्हा चपला घालून ग्राउंडवर उभा होता. इंगोले सरांनी त्याला बॉल दिला, म्हणाले, फेक. मी झेलला आणि हात झटकत उभा राहिलो. अजून आठवतंय, तळहात लाल झाला होता ग्लोव्हच्या आत.

इंगोले सर आमचे कोच. फार बोलायचे नाहीत. शिट्टी वापरायचे नाहीत. गळ्यात नाड्याला स्टोअर रूमच्या किल्ल्यांचा जुडगा असायचा, तो वाजला की समजायचं सर मागे आले. पिचरचा हात दमला हे त्यांना पिचरच्या आधी कळायचं. मग मोठ्यानं एकच शब्द — "बस्स!" विषय संपला. पिचर बाहेर. आणि तो तोंड पाडून आला की शेजारची बाकावरची जागा थोपटून, हळूच — "बस." कोपराला ओला टॉवेल गुंडाळायचे आणि हात थंड होईपर्यंत उठू द्यायचे नाहीत. नंदू चुळबुळायचा.

"सर, चांदूरची एसटी जाईन नं."

"जाऊ दे. बस."

मी हे सगळं लांबून बघायचो. कॅचरला कोण बस म्हणतो? आम्ही बसलेलेच.

नंदूच्या करिअरचं सांगतो, थोडक्यातच आहे. दोनदा नॅशनल. दुसऱ्या वेळी फायनल. इंडिया कॅम्पचे सिलेक्टर समोर खुर्च्या टाकून बसलेले आणि नंदू असा फेकत होता की विचारू नका. शेवटच्या इनिंगमध्ये मागून किल्ल्या वाजल्या आणि सर म्हणाले, बस्स. नंदूनं ऐकलं नाही. मानच हलवली. शेवटी सर स्वतः आत गेले, त्याच्या हातातून बॉल काढून घेतला. नंदूनं ग्लोव्ह मातीत फेकला. आम्ही हरलो. कॅम्पच्या नावांत नंदू नव्हता. सरांचं म्हणणं, अजून दहा बॉल टाकले असते तर कोपर कायमचं गेलं असतं. नंदूचं म्हणणं, गेलं असतं तर गेलं असतं, इंडियाचं ब्लेझर घालून गेलं असतं.

त्यानंतर तो सरांशी बोलला नाही. पुढच्या हिवाळ्यात सर गेले, हार्ट अटॅक. नंदू मयतीला आला नाही, ग्राउंडच्या भिंतीवर बसून होता. मी बोलवायला गेलो तर म्हणाला, "मी काय तोंड घेऊन येऊ भाऊ?" आणि ढसाढसा रडला. मग स्पोर्ट्स कोट्याचे फॉर्म, व्हेरिफिकेशन, आज या उद्या या, वयाची अट संपली. मध्ये वैशालीशी लग्न झालं. तीही सरांच्याच हाताखाली सॉफ्टबॉल खेळलेली, शॉर्टस्टॉपच्या जागेवर फिल्डिंग करायची. मुलगा झाला. आणि बी.पी.एड. झालेला माणूस कतारला एका बांधकामाच्या साइटवर स्टोअरकीपर म्हणून आला.

मला पत्ताच नव्हता. एशियन टाउनला भेंड्या निवडत होतो, मागून कोणीतरी बोंबललं, "काय बे पश्याभाऊ, भेंडी मोडून पाह्य, दाबून काय पाह्यतं!" वळलो तर हा. त्या दुकानात आम्ही दोन घोडे अशी मिठी मारली की मल्याळी काउंटरवाला उठून उभा राहिला.

पुढच्या शुक्रवारी मी त्याला मैदानावर नेलं. चाळिशीकडे आलेला माणूस, पोट सुटायला लागलेलं, कोपर कुरकुरणारं. पण फास्टबॉल टाकला आणि आमचा जपानी केन्जी "ओऽऽ" करून हसायलाच लागला. माउंडवर आम्ही दोघं वऱ्हाडीत बोलायचो, समोरच्या टीमच्या बापाला कळायचं नाही. ते दोन हिवाळे नंदू सुखी होता असं मी म्हणेन. शुक्रवारपुरता.

आता मुद्द्याचं. त्या जानेवारीत आमच्या लीगमधल्या एकाच्या ओळखीचा अमेरिकन, डग, मॅच बघायला येणार होता. एका शाळेचा स्पोर्ट्स हेड. त्याला पोरांना बेसबॉल शिकवणारा कोच हवा होता. नंदूची डिग्री, सर्टिफिकेटं त्यानं बघितली होती, फक्त एकदा त्याला मॅचमध्ये बघायचं होतं. ही नोकरी म्हणजे फॅमिली स्टेटस. म्हणजे इंडस्ट्रियल एरियातली सहा जणांची खोली सुटणार आणि वैशाली आणि पोरगा इथे येणार. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दोघं एका छपराखाली राहिलेत ते नुसते सुट्ट्यांपुरते. नंदू त्या आठवड्यात मला रोज फोन करून विचारायचा, बिन महमूदमध्ये एक बेडरूमचा फ्लॅट मिळतो का रे, तुमच्या बिल्डिंगमध्ये आहे का रे. मी म्हणायचो, आधी बॉल टाक लेका.

शुक्रवार. जुम्मा आटोपल्यावर मॅच सुरू झाली. थंड वारा होता, समोरून, म्हणजे माउंडकडून माझ्या तोंडावर. हे लक्षात ठेवा. माझी मुलगी ईरा सोबत आली होती. वय वर्षं बारा, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती माझ्या मागे, जाळीच्या पलीकडे फोल्डिंग खुर्चीवर मोबाइल घेऊन बसलेली. माझ्या आणि जाळीच्या मध्ये फक्त अंपायर रॉय, फिलिपिनो, बँकेत आहे. ईराच्या मागे रेती. कोणी नाही. बाकीची सगळी माणसं, डग धरून, डाव्या हाताच्या बाकांवर.

नंदूनं काय टाकले त्या दिवशी! मी कौतुक करणाऱ्यातला नाही, विचारा कोणालाही. पण चार इनिंग कोणाची बॅट नीट लागली नाही. पाचवीपासून मला कळायला लागलं, फेकून झाल्यावर हात झटकतोय. मी विचारलं, दुखतंय का. म्हणाला, तू तुझं बस. सातवी इनिंग, म्हणजे आमच्याकडे शेवटची. एका रननं आम्ही पुढे. दोन आउट. बेसवर त्यांचा एक जण, आणि आउट करायला एक माणूस उरला.

मी एक बोट दाखवलं, म्हणजे फास्टबॉल. नंदूनं मान डोलावली, पाय उचलला.

आणि माझ्या मागे किल्ल्या वाजल्या.

तो आवाज मी पंधरा वर्षं ऐकला नव्हता आणि क्षणात ओळखला. नाड्याला लोंबणाऱ्या जड किल्ल्या, छातीवर आपटतात तशा. आणि त्यामागून, माझ्या उजव्या खांद्याच्या इतक्या जवळून की मी मान तिरकी केली —

"बस."

नंदूचा पाय हवेतच थांबला. फेक अशी अर्धवट सोडली तर चूक धरतात, रॉयनं ती पुकारायला हवी होती. पण रॉय पुकारणार कसा? तो पाठमोरा झाला होता. माझ्यासारखाच मागे बघत होता.

मागे जाळी. जाळीमागे ईरा, तीही खुर्चीत वळून रेतीकडे बघतेय. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, हू सेड बस? इज द बस हिअर?"

बॅट हातात घेतलेल्या पोराला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो आम्हा तिघांकडे बघत होता, सगळ्यांना एकदम काय झालं म्हणून.

मी माउंडवर गेलो. नंदूचा चेहरा पांढरा पडलेला, पण घाबरलेला नव्हता. लहान पोरासारखं विचारलं त्यानं —

"सर होते?"

"तुले किल्ल्या ऐकू आल्या?"

"आल्या नं." तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. "काहून आले असतीन, भाऊ?"

"कोपर," मी म्हणालो. दुसरं काय सुचणार? "दुखून राहिलं ना?"

"तिसऱ्या इनिंगपासून."

"एकच बॅट्समन राहिला बे. डग तिकडे बसून आहे, त्याच्या समोर असा बाहेर जाशील?"

"तवाही सिलेक्टर बसूनच होते." त्यानं बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये ठेवला. हळूच, अंडं ठेवतात तसा. "तवा नाही आयकलं मी. आता आयकतो."

आणि गेला. केन्जीला हात करून बोलावलं आणि स्वतः बाकावर जाऊन बसला. टॉवेल पाण्याच्या बाटलीनं ओला केला, कोपराला गुंडाळला. मी बघत होतो. आमच्या टीमचा अख्खा बाक रिकामा, पण हा टोकाला बसला, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

केन्जी हात मोकळा करत होता तेवढ्यात डग उठून नंदूकडे गेला. मला वाटलं, संपलं. पण डगनं त्याचा हात हातात घेतला. नंदू उभा राहिला. मग धावत जाळीजवळ आला, टॉवेल लोंबतोय तसाच, आणि ओरडून सांगायला लागला. "भाऊ, झालं! डग म्हणते, जो पिचर सोताहून थांबते त्याच्याच हाती मी पोरं देतो! रविवारी कागद घेऊन बोलावलं! सरायनं काम केलं भाऊ!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं गधड्याच्या. माझ्याही आलं, मास्कच्या आत कोणाला दिसतंय.

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला. त्यांच्या कंपनीची बस. शुक्रवारी कामगारांना खरेदीला नजमाच्या बाजाराकडे सोडते आणि मग्रिबच्या नमाजाच्या आधी परत कॅम्पवर नेते. ड्रायव्हर नंदूच्या ओळखीचा, मैदानापाशी दोन मिनिटं थांबायचा. रोज — म्हणजे दर शुक्रवारी — नंदू त्याला हात करून पुढे पाठवायचा आणि मग माझ्या गाडीतून जायचा.

त्या दिवशी त्यानं बॅग उचलली.

"कुठे चालला? बस नं बे, मी सोडतो," मी माझ्या जागेवरून ओरडलो.

"तुह्यावाली मॅच संपन, सामान आवरशीन, तासभर जाईन! पोरगं झोपून जाते तिकडे. रूमवर वायफाय आहे, दोघायले एकदमच सांगतो."

"माझ्या फोनवरून सांग!"

"त्या काडीपेटीएवढ्या स्क्रीनवर? तुह्या त्या फुटक्या फोनवर?" तो हसत होता. मग थांबला, एक बोट वर केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "हे पाह्य. सर म्हणून राहिले बस. तू म्हणून राहिला बस. ईरा म्हणते बस. तं आता बसनंच जातो!"

आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसत गेला. ड्रायव्हर ओरडत होता, यल्ला, यल्ला, चल लवकर. ईरानं हात हलवला, त्यानं टॉवेलवाला हात वर केला. ते शेवटचं.

मॅच आम्ही हरलो. केन्जीच्या दुसऱ्याच बॉलवर.

फोन आला तेव्हा मी बेसची पोती गाडीत टाकत होतो. नंदूचा रूममेट, नेपाळी, त्याच बसमध्ये होता. हिंदीत काहीतरी सांगत होता आणि मला नुसतं "नंदूभाई, नंदूभाई" कळत होतं. इंडस्ट्रियल एरियाकडे वळताना मागून ट्रेलर आला होता. बाकीच्यांना मार लागला, कोणाचा हात, कोणाचं डोकं. नंदू मागच्या खिडकीशी होता.

हॉस्पिटलचं सांगत नाही. एकच सांगतो. त्याची बॅग माझ्या हातात दिली आणि ती आतून वाजत होती. फोन. स्क्रीनवर वैशाली, व्हिडिओ कॉल. वाजून वाजून बंद झाला आणि परत वाजायला लागला. व्हिडिओ बंद करून उचलला मी. ती म्हणाली, "किती वेळ हो? त्याले जागं ठेवलं मी, तुमच्यासाठी नवीन कविता पाठ केली म्हनते." मागून पोरगं पप्पा पप्पा करत होतं.

मी काय बोललो ते मला आठवत नाही, आणि आठवू नये.

चौथ्या दिवशी पेटी नागपूरला गेली. त्या मधल्या दिवसांत आमच्या घरी माणसं येत होती — महाराष्ट्र मंडळातले, टीमचे, साइटवरचे. मधुरा, माझी बायको, नाशिकची, एरवी शांत बाई, तीच सगळं बघत होती. मी सोफ्यावर नुसता होतो. मनात एकच गोष्ट धरून होतो, की निदान सर आले, कोपर वाचवलं, नोकरी मिळवून दिली, त्याला माफ केलं. पुढचं नशीब. माझ्यासारख्या माणसाला भुताचाच आधार वाटत होता बघा!

तेवढ्यात बेल वाजली, नंदूचा तो रूममेट आला, कपाळाला पट्टी. दारातच घुटमळला. मधुरानं खुर्ची पुढे केली आणि तिच्या तोंडून मराठीच गेलं —

"बस."

मी हातातला चहा खाली ठेवला.

तुम्हीच म्हणून बघा. मोठ्यानं म्हणा, लाजू नका. पुरे झालं, असं सांगायचं असेल तर आपण काय म्हणतो? बस्स. जोर देऊन, स वर दाब देऊन. इंगोले सर तर तो स असा आपटायचे की पार कंपाउंडला ऐकू जायचा. आणि समोरच्याला खाली बसायला सांगताना? बस. आखूड. हळू. बाकावरची जागा थोपटून म्हणतात तसा.

मी उठून ईराच्या खोलीत गेलो. दार लावलं. विचारलं, त्या दिवशी तू जे ऐकलंस ते म्हणून दाखव.

"बस," ती म्हणाली.

"बस्स नाही?"

"नो बाबा. बस. जस्ट लाइक यू सेड इट." तिचे डोळे भरले. "यू सेड इट टू नंदूकाका आफ्टरवर्ड्स. सेम वे. आय थॉट यू बोथ मेंट द बस."

सेम वे. मी म्हणालो होतो, बस नं बे, मी सोडतो. म्हणजे थांब. जाऊ नको. आणि माझ्या आधी कोणीतरी तेच म्हणून गेलं होतं, ज्यानं आयुष्यात त्या एका पोराला हा शब्द म्हटला होता तो एसटी सुटायच्या वेळेलाच.

की हेही मीच लावतोय? एसटीचं आठवलं म्हणून? आमच्या मराठीत एकच शब्द तीन कामं करतो, त्याला मी काय करू? बस्स ऐकलं असेल आणि वाऱ्यानं स खाल्ला असेल. की सर खरंच बस येतेय एवढंच सांगत होते? जा म्हणून की नको म्हणून? बरं, नंदू तर बसलाही होता. जागा सोडून बसला होता. अजून अर्धा तास बसला असता तर... जाऊ दे. रोज रात्री हेच दळण दळतो, पीठ काही पडत नाही.

मी माझ्या परीनं शोध घेतला. वारा माउंडकडून माझ्याकडे होता, म्हणजे मागचा हळू आवाज अठरा मीटरवर नंदूला ऐकू जायलाच नको होता. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याकडे किल्ल्या होत्या, पण गेट दुसऱ्या टोकाला आणि तो तेव्हा नमाजाची जागा झाडत होता. आसपासच्या कोणा हिंदी माणसानं म्हटलं असेल म्हणून विचारून आलो, तिथे कोणी हिंदी माणूस नव्हताच. रॉयला विचारलं तर त्यानं आधी क्रॉस केला छातीवर, मग म्हणाला, शब्द नाही कळला, पण मागे कोणीतरी म्हातारा माणूस उभा आहे असं वाटलं, आणि तो घाईत होता. घाईत... हे मला सगळ्यात जास्त लागलं.

उन्हाळ्यात सुट्टीवर अमरावतीला गेलो. नंदूचा ग्लोव्ह आणि टॉवेल माझ्याकडे राहिला होता तो घेऊन चांदूर बाजारला गेलो. बापाचं सायकलचं दुकान बंद होतं. वैशाली दारात आली. "बसा भाऊजी," म्हणाली. पाणी आणलं. ग्लोव्ह मांडीवर घेऊन त्यात हात घालून बघत राहिली. पोरगं येऊन टॉवेलचा वास घेऊन गेलं.

नोकरीचं तिला माहीत होतं, ते मीच फोनवर सांगितलं होतं. आवाजाचं मी सांगितलं नव्हतं. पण मधुरानं कधीतरी बोलता बोलता सांगून टाकलेलं. वैशालीनं मान वर न करता विचारलं —

"भाऊजी, सर आले होते म्हने."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"काय म्हनले ह्यायले?"

"तेच," मी म्हणालो. "त्यांचा तो एक शब्द."

तिनं आता माझ्याकडे बघितलं. विसरलो होतो मी. ही पण सरांच्या हाताखालची. हिलाही कितीदा बाहेर काढलं असेल, कितीदा शेजारी बसवलं असेल.

"बस म्हनले," तिनं विचारलं, "का बस्स म्हनले?"

दोन्ही वेगवेगळे म्हणून दाखवले तिनं. दुसरा हुबेहूब सरांसारखा, स आपटून. आत पोरगं खेळत होतं त्याचा आवाज येत होता. ती थांबली होती, आणि तिचा हात ग्लोव्हच्या आत मुठीसारखा आवळला होता.

"बस्स," मी म्हणालो. "बस्स म्हणाले, वैशाली. झालं तुझं, चांगलं टाकलं, असं. मी जवळून ऐकलं."

तिनं डोळे मिटले. मान डोलावली. मग म्हणाली, "बरं झालं. मग ह्यायचं सारं झालंच होतं." आणि पदरानं ग्लोव्हवरची रेती पुसायला लागली. रेती कतारची होती, शिवणीत बसलेली, निघत नव्हती.

तेवढा एक अर्धा स मी माझ्या पदरचा घातला. बाकी जे ऐकलं तेच लिहिलंय, आणि ते काय होतं हे मला अजूनही सांगता येत नाही.